दोन फटके

चेंडूमागचं पाइनच्या झाडाचं वाळकं, सुईसारखं पान टेसाने उचललं, आणि चेंडू सरकला. चांगला दोन बोटं. टेसाचं तिकडे लक्षच नव्हतं. सुई उचलता उचलता ती झाडांच्या फटीतून खड्ड्यावरचा झेंडा किती लांब आहे ते बघत होती.

पाहिलं ते फक्त डार्लीन कोचने. ती हाताच्या अंतरावर उभी होती. कॉलेजच्या गोल्फ सामन्यात कोचला खेळाडूसोबत चालता येतं, बोलताही येतं. आणि दर सरावाला ती मुलींकडून हेच तर घोकून घ्यायची: आपल्यामुळे चेंडू हलला तर लगेच परत जागेवर ठेवा, एका फटक्याचा दंड. न ठेवता तसाच मारलात, तर दोन.

आता फक्त सांगायचं होतं. पण बाईंची जीभ काही हलेना.

कारण जळफळाट, दुसरं काय! शेवटचा, अठरावा होल. तो चार फटक्यांत संपवला, तर आधीच खेळून बसलेल्या कॅलिफोर्नियाच्या मुलीपेक्षा टेसाचा एक फटका कमी भरणार होता, म्हणजे ती जिंकणार होती. जिंकणारीला पुढच्या आठवड्यात व्यावसायिक बायकांच्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळणार होता. थेट! असल्या स्पर्धांच्या दारात डार्लीनने नऊ वर्षं काढली होती. दर सोमवारी पात्रता फेरी, ऐंशी जणींत दोन जागा, आणि हरल्यावर गाडीतच बसून गिळलेलं थंडगार सँडविच. आणि ही एकवीस वर्षांची पोर, सरावाला रोज दहा मिनिटं उशिरा येणारी, हिला सगळं आयतं! गेल्या आठवड्यात वर विचारत होती, "कोच, तुमच्या वेळी सोपं असेल ना? एवढी चढाओढ नसेल." डार्लीन तेव्हा हसली होती. ते वाक्य मात्र चार दिवस तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं.

"सात नंबरची काठी घेऊ की सहाची?" टेसाने बॅगेत हात घालत विचारलं.

"सहाची," कोच म्हणाली. तेवढं तिने बरोबर सांगितलं. पुढचं मनातच म्हणाली, एवढ्याशा फटीतून कुठला जातोय! आदळेल खोडावर. मग आपल्याला काही बोलायची गरजच नाही.

चेंडू खोडावर आदळला नाही. दोन झाडांच्या मधून, फांद्यांच्या खालून सरळ निघाला आणि झेंड्यापासून दहा पावलांवर हिरवळीत जाऊन थांबला. लोक ओरडले. टेसाने काठी टाकून दिली आणि कोचच्या गळ्यात पडली.

"बघितलंत? अहो कोच, बघितलंत का तुम्ही?"

"बघितलं," कोच म्हणाली.

पुढच्या दोन फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला. एकूण चार. टेसा जिंकली. संघातल्या मुली पाण्याच्या बाटल्या उडवत धावत आल्या, आणि त्या गोंधळात डार्लीनही भिजली. ती टाळ्या वाजवत होती, पण तिच्या अंगाची नुसती लाही होत होती.

तंबूतल्या टेबलाशी टेसा स्कोअरकार्डावर सही करायला वाकली.

"थांब. सही करू नकोस," कोच म्हणाली. मग समोर बसलेल्या हार्लन टिब्सकडे वळली. टिब्स म्हणजे सामन्याचा पंच, सत्तरी ओलांडलेला. "अठराव्या होलवर हिचा चेंडू हलला होता. सुई उचलताना. हिने परत ठेवला नाही. मी पाहिलं."

टिब्सने कार्ड स्वतःकडे ओढून घेतलं.

"पोरी, तुला माहीत होतं?" टिब्सने विचारलं.

"नाही." टेसाने कोचकडे पाहिलं. "पण कोच म्हणतात म्हणजे हलला असणार."

चाराचे सहा झाले, आणि टेसा एका फटक्याने हरली. कॅलिफोर्नियाची मुलगी सामान गाडीत टाकून निघालीच होती, तिला परत बोलावून आणलं.

टिब्स खुर्चीतून उठला. टोपी काढून त्याने डार्लीनचा हात दोन्ही हातांत धरला. "चाळीस वर्षं हे काम करतोय, बाई. स्वतःच्याच संघातल्या पोरीविरुद्ध तोंड उघडणारा कोच आजवर पाहिला नव्हता." दुसऱ्या कॉलेजांचे कोच येऊन हात मिळवून गेले. एकीचे तर डोळे भरून आले होते. नऊ वर्षांच्या खेळात डार्लीनसाठी एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

टेसा बाहेर संघाच्या गाडीच्या पायरीवर बसून बूट सोडत होती. रडत नव्हती. कोच तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मनाला लावून घेऊ नकोस. नियम म्हणजे नियम."

"हो ना." टेसाने एक बूट काढला. "तुम्ही तिथेच सांगितलं असतंत, तर एकच फटका लागला असता. बरोबरी झाली असती. अजून एक होल खेळायला मिळालं असतं मला."

"तेव्हा माझी खात्री नव्हती गं."

"मग नंतर कशी झाली?"

कोचने पाण्याची बाटली उघडली, आणि न पिताच पुन्हा बंद केली.

टेसा दुसऱ्या बुटाची गाठ सोडत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. सरावात एखादी शंका विचारावी तसं तिने विचारलं,

"कोच, माझा चेंडू झाडावर आदळला असता, तर तुम्ही बोलला असतात?"