उठायला वेळ लागणाऱ्यांसाठी

ते दोन हजार सहा साल. थोरला भाऊ सकाळचा चहा पुढ्यात घेऊन, आलेल्या दुरुस्त्या तपासत बसला होता. दवाखान्यात रुग्णांचे नंबर पुकारणारा एक प्रोग्राम त्याने आणि धाकट्याने मिळून लिहिला होता. तो कुणीही फुकट वापरावा, उघडून पाहावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. त्या दुरुस्तीला पॅच म्हणत. घ्यायचा की परत पाठवायचा, हे थोरला ठरवी.

पॅच कसा पाठवावा याचे नियमही त्याचेच. मथळा साठ अक्षरांच्या आत. एका पॅचमध्ये एकच दुरुस्ती. आधी दोष सांगावा, मग उपाय. खाजगी मजकूर नको.

नियम आले ते धाकट्यामुळे. एकदा त्याने न विचारता काहीतरी घुसडलं आणि ठिकठिकाणी भलत्याच माणसांना भलत्याच खोलीत बोलावणं गेलं. थोरला म्हणाला, "यापुढे तूही इतरांसारखा पॅच पाठवायचा."

"घरातल्या माणसाला अर्ज करायला लावतोस?"

शब्दाने शब्द वाढला आणि अबोला पडला. आई धाकट्याकडे, थोरला परगावी. धाकट्याचा फोन तो उचलत नसे, साधी पत्रं उघडत नसे. पॅच मात्र उघडावाच लागे.

बायको मागून डोकावली. "भाऊजींचं दिसतंय. अहो, आईंचं काही असेल."

"कामाचं आहे. पॅच आहे."

"कामाचं असलं तरी माणूस वाचतो."

मथळा होता: 'पुकारल्यावर उठायला वेळ लागणाऱ्यांसाठी नंबर थोडा थांबवून धरण्याची सोय, कारण म्हातारी माणसं तोवर राहून जातात.' थोरल्याची नजर साठ अक्षरांपुढे गेलीच नाही. अशा लांब मथळ्यांसाठी त्याच्याकडे तयार उत्तर होतं. 'नियम वाचावेत आणि पुन्हा पाठवावं.' ते त्याने डकवलं आणि कप तोंडाला लावला.

"काय लिहिलं होतं हो?"

"मथळाच गावभर लांब. लहानपणापासून पाल्हाळ लावायची खोड, ती काय आता जाते?"

पुढच्या आठवड्यात धाकट्याचा दुसरा पॅच आला. 'मृत रुग्णाचा नंबर पुकारणे थांबवा.' मथळा साठच्या आत. दुरुस्ती एकच. खाली आधी दोष सांगितलेला: 'रुग्ण वारल्यावरही त्याचा नंबर पुकारला जातो. आज सकाळी एका वृद्ध बाईंचा कालच लावून ठेवलेला नंबर तीनदा पुकारला. त्या पहाटेच गेल्या होत्या.'

बोट ठेवायला कुठे जागा नव्हती. थोरल्याने 'वृद्ध बाई' हे शब्द पुन्हा वाचले. मग त्याने परत पाठवलेला पहिला पॅच शोधून काढला आणि मथळ्याखालचं वाचलं.

'आईला उठायला वेळ लागतो. काठी सापडेपर्यंत नंबर निघून जातो, मग सगळ्यांच्या शेवटी बसावं लागतं. आता फार दिवस नाहीत, असं डॉक्टर म्हणतात. दारात पाऊल वाजलं की तूच आलास म्हणते. हे नियमात बसत नाही, दादा, पण ये.'

बायकोने खांद्यावरून वाचलं. टेबलावरचा फोन उचलून, भाऊजींचा नंबर लावून तिने तो त्याच्या हातात दिला.

पलीकडून धाकट्याचा आवाज आला. "या वेळी बसला ना मथळा, दादा?"

थोरल्याने दोन्ही पॅच घेतले. पहिला जसाच्या तसा, मथळ्यासकट, आईसकट. नियमात न बसणारा तेवढा एकच. धाकट्याने पुढे कधी पॅच पाठवला नाही. तो शाळेत गणित शिकवू लागला. आपली खुशाली वहिनीला कळवत राहिला, ती होती तोवर.

आता थोरला एकटाच दवाखान्यात जातो. नंबर पुकारला की खुर्चीखाली काठी चाचपतो, गुडघ्यावर हात रेटून उठतो. घाई करावी लागत नाही. भिंतीवरच्या पाटीवर त्याचा नंबर थांबलेला असतो.