चेहरे ओळखायचा खेळ

नात भारी बुजरी, म्हणून आजोबांनी तिच्यासाठी चेहऱ्यांचा खेळ काढला होता. ते कधी रागावलेलं, कधी रुसलेलं तोंड करायचे आणि चार वर्षांची ती बरोब्बर ओळखायची.

“बाबा, खेळ पुरे आता! तिला बूट घाला, मला उशीर होतोय,” सून डबा भरता भरता तिसऱ्यांदा ओरडली. उत्तर येईना, तशी ती तणतणत बाहेर आली. बूट जमिनीवर पडला होता आणि आजोबांचा एक हात खुर्चीवरून लुळा लोंबत होता.

 

“आई, आजोबा चीटिंग करतायत! अर्ध्या तोंडाने हसतात, अर्ध्याने रुसतात. मी ओळखायचं तरी काय?”