कंपनीचा साबण

पेटीचं झाकण करकरलं, तशी कॉटवर पडलेल्या मल्हारनं मान वळवली.

"किती हायत?"

"न्हाईत," रुपाली म्हणाली.

पेटीच्या तळाशी नुसता वास उरला होता. लाल साबणाचा, औषधासारखा उग्र. रांजणगावच्या कंपनीत मल्हारला महिन्याच्या महिन्याला साबणाच्या वड्या मिळायच्या. लग्न झाल्यापासून रुपालीनं अंगाचा साबण कधी विकत घेतलाच नव्हता. सासू बानूबाई राहू गावाहून आली की तिच्या पिशवीत रुपाली दोन-तीन वड्या घालायची आणि सासू त्या गावात आळीभर दाखवत फिरायची. माझ्या पोराच्या कंपनीचा साबण.

आज दुपारच्या एसटीनं बानूबाई येणार होती. आणि दिवाळीपासून मल्हारला कंपनीनं आत घेतलं नव्हतं. बोलावू तेव्हा या, एवढंच सांगितलं होतं.

"आईला कळाय नको," मल्हार म्हणाला. "इतक्यात तरी नको."

"न्हाई कळायचं. तुम्ही उठा, दाढी करा बघू."

रुपालीनं झाकण लावलं. घरातून तेलाचा डबा गेला आणि सुटं तेल आलं, ते तिनं कुणाला जाणवू दिलं नव्हतं. शांपूची बाटली जाऊन पुडी आली, ती माय-लेकींत एक. बिस्किटांच्या जागी गूळ-शेंगदाणे आले, तर पोरगी उलट खूश. एवढं सगळं तिनं रेटलं होतं, ती साबणाला काय हार जाणार?

फळीवरच्या डब्यांमागून तिनं चहाचा मोठा पुडा काढला. पाहुण्यारावळ्यांसाठी राखून ठेवलेला, न फोडलेला. पोरीला, प्रतिभाला, कडेवर घेतलं आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली.

दुकानदार हौसरावनं पुडा उलटसुलट करून पाहिला. "परत आणलाव का, वहिनी? किडं निघालं का काय त्यात?"

"पुडा चांगलाय. मला कंपनीच्या तीन वड्या द्या."

हौसराव हसला. "अवो, दोन वर्षं तुम्हीच मला आणून देत व्हता की! उरलेल्या वड्या द्यायच्या आन् चहाचा पुडा न्यायचा."

"व्हय. तीन वड्यांला एक पुडा. भाव तुम्हीच लावलेला."

"तवा कंपन्या जोरात व्हत्या. आता मंदी हाय. नवीन वड्या यायच्या बंद झाल्या, मग जुन्या महाग न्हाई का व्हायच्या?"

"मग चहा काय मंदीत स्वस्त झाला? तसं आसंल तर फळीवरचा आजून एक पुडा द्या मला, स्वस्तातला."

मागं पोत्यातला तांदूळ बघत उभी असलेली शेजारची कुशाबाई तोंडाला पदर लावून हसली. "दे रं बाबा हौसू. न्हाईतर तुझ्या तराजूचा बी भाव काढंल ती."

हौसरावनं कान खाजवला आणि मागच्या खोक्यातून तीन वड्या काढून ठेवल्या. प्रतिभानं तिन्ही छातीशी धरल्या आणि घरापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

बानूबाई आली तेव्हा मल्हार दाढी करून, कंपनीचा निळा शर्ट घालून बसला होता. शर्टाला इस्त्री होती. बाजरीचं गाठोडं दाराशी ठेवून बानूबाई त्याच्याकडे बघतच राहिली.

"ड्युटी हाय व्हय?"

"सेकंड शिफ्ट."

"बरं झालं बाबा. आपल्या गावची पोरं समदी माघारी आल्यात. पाराव बसून आसत्यात दिसभर. म्या सांगितलं समद्यांला, माझा मल्हार काय बसणाऱ्यातला न्हाई."

मल्हार खाली मान घालून बुटाची नाडी बांधू लागला. रुपालीनं सुट्या, स्वस्तातल्या चहात आलं जरा जास्तच ठेचून घातलं, म्हणजे चहाकडे कुणाचं लक्ष जायला नको. कप सासूच्या हातात दिला आणि तिच्या ओटीत तिन्ही वड्या ठेवल्या.

"घ्या आत्या. तुमच्यासाठी काढून ठिवल्यात."

बानूबाईनं एक वडी नाकाशी धरली. डोळे मिटले. "ह्योच वास. गावाकडं आलं का पोराच्या अंगाला ह्योच वास येतो." मग हळूच विचारलं, "तुमाला पुरत्यात का गं?"

"पुरून उरत्यात," रुपाली ठामपणे म्हणाली. मल्हारनं वर पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर जीव आला होता.

प्रतिभा आजीच्या मांडीवर चढली. "आजी, ह्या म्या आणल्या. हौसरावमामाच्या दुकानातनं. आईनं त्याला चहा दिला, मग त्यानं साबण दिला."

नाडी बांधणारा हात थांबला.

बानूबाईनं कपातला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन संपवला. मग एक वडी उचलून कनवटीला नीट खोचली आणि दोन वड्या रुपालीकडे सरकवल्या.

"मला म्हातारीला किती लागतोय साबण? ह्या लेकराला ठेव. आन् ते गाठोडं आत घे, दारात उंदरं लागत्याल. फुडल्या बाजारी आपल्या गावच्या म्हस्कूसंगट आजून धाडून दीन."

"आत्या..."

"घे म्हणलं ना आत."

रुपालीनं गाठोडं उचललं. ते दरवेळेपेक्षा बरंच जड होतं. घरी एवढं जड गाठोडं बांधणारीला काय काय ठाऊक होतं, ते तिच्या आत्ता कुठं ध्यानात येत होतं.

प्रतिभा बापाच्या निळ्या शर्टाकडे बघत होती. मग आजीकडे, मग आईकडे.

"आई, मग पप्पा शर्ट घालून कुठं चाललेत?"