खरं सांगा, कशी झालीय

घोट घशाखाली उतरला तेव्हा चष्मेवाल्याने डोळे मिटून घेतले. बघणाऱ्याला वाटावं, काय हा आनंद. प्रत्यक्षात डोळ्यांत आलेलं पाणी तो पापण्यांनी अडवत होता.

"खरं सांगा भाऊजी, कशी झालीय?" वहिनींनी विचारलं.

"अहाहा," तो म्हणाला. "अगदी मास्तरांच्या हातची."

कपात जे होतं त्याला कॉफी म्हणायचं तर गटाराला झरा म्हणावं लागेल. वर सायीच्या जागी तपकिरी तवंग. जिभेवर आधी खवट तेल, मग ओलं फडकं, आणि गिळल्यावर सावकाश वर येणारी एक आंबूस चव. ती दुधाची होती. कॉफीच्या यंत्राला दूध तापवायची वाफेची नळी होती, तिच्यावर कित्येक रविवारांचं दूध सुकून त्याची खपली धरली होती.

चष्म्याचं दुकान त्याला पोटासाठी होतं, एस्प्रेसो जिवासाठी. असे घरच्या घरी कॉफी करणारे सहा वेडे एकमेकांना धरून होते. दर रविवारी प्रत्येकजण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आपापल्या ओट्याचे फोटो टाकायचा. नवं ग्राइंडर, नवी गाळणी, कपांची रांग. स्वतःच्या बायकांचे फोटो कुणी इतक्या कोनांतून काढले नव्हते. त्यात चष्मेवाल्याच्या जिभेचा दरारा मोठा. एकदा दंतवैद्याच्या घरी एक घोट घेऊन तो म्हणाला, "तुमची पाण्याची टाकी परवा धुतलीय, आणि धुणारा संत्रं खात होता." टाकी धुणाऱ्याला फोन लावला. खरंच खात होता.

पण ओटा पाहावा तर मास्तरांचा. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्या माणसाकडे पितळेचं, हाताने दांडा ओढायचं जुनं यंत्र होतं. तसं दुसरं कुणाकडे नव्हतं. मास्तर गेले आणि महिनाभराने वहिनींचा फोन आला. सगळ्यात आधी चष्मेवाल्याला आला, हे त्याने नीट लक्षात ठेवलं.

"मी हे ठेवून काय करू? योग्य माणूस मिळाला की देऊन टाकीन. तुम्ही येऊन एकदा कॉफी तर घ्या."

मागून बाकीचे चौघेही येऊन गेले. छान छान म्हणाले आणि पुन्हा फिरकले नाहीत. दंतवैद्याचं पोट तर दोन दिवस बिघडलं होतं. चष्मेवाल्याने ओळखलं, मैदान मोकळं आहे. तो दर रविवारी सकाळी जाऊ लागला.

वहिनी एका चुरगळलेल्या कागदात बघून कॉफी करायच्या. मास्तरांचं अक्षर लांबूनही कळे. स्वतः मात्र त्या पाण्याचा पेला घेऊन बसत आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत. बाकी स्वयंपाकघर लखलखीत, डब्यांच्या झाकणांत तोंड दिसावं असं. तेवढं यंत्रच बरबटलेलं. नवऱ्याच्या वस्तूला हात लावायचा धीर होत नसेल बिचारीला, असं त्याला वाटे.

"तुमच्या तोंडाला मेलेल्या पालीचा वास येतोय," त्याची बायको म्हणायची. "जे बोलायचंय ते गॅलरीतून बोला."

"यंत्र येऊ दे घरात, मग बघ."

"तोवर तुम्ही राहिलात तर."

यंत्रासाठी त्याने तिचा मिक्सर ओट्यावरून उचलून कपड्यांच्या कपाटात कोंबला होता. रिकाम्या जागेचा फोटो गटावर टाकून खाली लिहिलं होतं, 'पाहुणा येतोय'. आता माघार घेणं म्हणजे चौघांसमोर नाक कापून घेणं.

एकोणिसाव्या रविवारी जिभेला पाय असलेलं काहीतरी लागलं. त्याने तेही गिळलं.

"खरं सांगा."

"आज जरा भरीवपणा आहे," तो म्हणाला.

एकतिसाव्या रविवारी त्याने तळाचा गाळसुद्धा कप हलवून संपवला. वहिनींनी रिकामा कप उचलला आणि उगाच सुस्कारा टाकला. मागे नळ ठिबकत होता.

"नळवाल्याला बोलावलंय उद्या," त्या म्हणाल्या. "हल्ली कुणी नीट बघत नाही हो."

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा नळ गप्प होता. आणि ओट्यावर, यंत्राच्या जागी, एक स्वच्छ चौकोन होता.

"वहिनी, यंत्र?"

"दिलं. नळवाल्याला."

चष्मेवाला खुर्चीवर बसला.

"नळ झाल्यावर म्हटलं, कॉफी घ्या," वहिनी सांगू लागल्या. "एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला हो. म्हणाला, बाई, राग मानू नका, पण हे माणसाने प्यायचं नाही. मग पाना काढून सगळं यंत्र खोललं, घासलं. खालच्या दुकानातून ताज्या बिया आणल्या आणि मलाच करून दिली. हे गेल्यापासून पहिल्यांदा प्यायले मी."

"पण मी एकतीस रविवार…" त्याचा आवाज चिरकला. "एकतीस रविवार प्यालो मी, वहिनी."

"आणि एकतीस वेळा मी म्हटलं, खरं सांगा."

त्यांनी तो चुरगळलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. चष्मेवाल्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मास्तरांचं अक्षर वाचलं.

'बिया वर्षभर जुन्या घे. टाकीतलं पाणी बदलू नकोस. नळी पुसू नकोस. मी काहीही करून दिलं तरी सगळे छानच म्हणत आले, म्हणून हा उपद्व्याप. पहिल्या घोटाला जो थुंकेल, यंत्र त्याचं. चष्मेवाल्याला आधी बोलाव, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलवायची वेळच येणार नाही.'