शेवटचा पादचारी

आई ज्या चौकात गाडीखाली गेली, तिथला सिग्नल बदलून घ्यायला मी आठ महिने भांडले. नवा सिग्नल शेवटचा पादचारी पलीकडे पोहोचेपर्यंत गाड्या सोडत नाही.

पहिल्याच सकाळी झेब्रा पट्टे रिकामे झाले, तरी गाड्यांचा लाल दिवा जाईना. हॉर्नचा गदारोळ उठला.

"कुणाच्या बापाची वाट बघताय?" टेम्पोवाला माझ्यावर खेकसला.

सिग्नलच्या इंजिनिअरने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "कॅमेऱ्याला मधोमध कुणीतरी उभं दिसतंय, ताई."

मी पट्ट्यांवर उतरले, हात पुढे केला. "चल आई, सगळे थांबलेत."

"ताई, मागे फिरा!" इंजिनिअर ओरडला. "ते तुमच्याकडे धावत येतंय!"

आईला धावता येत असतं, तर ती वाचली असती.