टाकीला दिलेला रंग

किल्लीने रंग खरवडला तर खाली दुसरा रंग निघाला. त्याखाली तिसरा. छावणीत नव्याने आलेल्या पर्यावरण अभियंता बाईंना राहवेना. त्या डिझेलच्या जुन्या टाकीपुढे उकिडव्या बसून खरवडतच राहिल्या.

"बाई, सकाळीच हात मारलाय हो त्यावर!" हवालदार कळवळला. सगळी छावणी त्याला रंगारी म्हणायची आणि त्याला ते आवडायचंही.

शेवटी तळहाताएवढी जागा उघडी पडली. गंजलेली, ओलसर. बाईंनी बोट लावून हुंगलं. डिझेलच.

टाकी बदलायला मुख्यालय पैसे का देत नाही, हे कोडं त्यांना आल्यापासून छळत होतं. त्यांनी दोनदा कळवून पाहिलं होतं. उत्तर एकच यायचं: तपासणीवाल्यांची नोटीस आहे का? जिथे नोटीस, तिथे आधी पैसे, बाकीच्यांनी थांबायचं. आणि नोटीस येणार कुठून? दर तपासणीच्या आदल्या दिवशी हा गडी टाकीला नवरीसारखी नटवत होता.

बाईंना हसू फुटलं आणि लगेच विरलंही. टाकीच्या मागेच क्वार्टर्सची विहीर होती. कालच तपासलेलं तिचं पाणी अजून चांगलं होतं. अजून.

"तुमच्या घरी पाणी याच विहिरीचं ना?"

"सगळ्यांच्याच. नातीची दूधपावडरसुद्धा त्यातच कालवतो आम्ही..." बोलता बोलता रंगारी थांबला. बाईंच्या काळपट बोटाकडे बघत राहिला.

"मग उद्या तपासणीवाल्यांना टाकी अशीच दिसू दे."

"अशी? उघडी?" त्याचा आवाज चढला. "साहेब म्हणतील, म्हातारा निवृत्तीआधीच झोपला. आजवर माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, बाई."

हुकूम सोडायला बाईंची जीभ रेटेना.

रंगाऱ्याने झाडाखालचा पांढऱ्या रंगाचा डबा उचलून आणला, झाकण उचकटलं, ब्रश बुडवला. बाईंचा चेहरा पडला.

तो गुडघे टेकून बसला. श्वास रोखून त्याने त्या गंजलेल्या जागेच्या वर एक रेघ ओढली. मग खाली एक. मग दोन्ही बाजूंना. हिरव्यागार टाकीवर पांढरीशुभ्र चौकट उमटली. आत गंज, जसाच्या तसा.

दोन पावलं मागे सरून त्याने मान तिरकी केली.

"बघा बरं बाई, कडा सरळ आल्यात ना?"