कड्यावरचा नर

हेमलतानं पर्यटकांसाठी बनवलेला यांत्रिक समुद्रगरुड त्या एकाकी कड्यावर बसून साद घालायचा. साद हुबेहूब जमली, याचा तिला केवढा अभिमान होता! खरे गरुड संपले, असंच सगळे धरून चालले होते. मग कुठूनशी एक मादी आली आणि त्याच्यापाशीच राहिली.

आज कॅमेऱ्यात घरट्यातलं अंडं दिसलं. मादी उपाशीच त्यावर बसून होती.

“मॅडम, यातून पिल्लू काही निघायचं नाही,” सहकारी पराडकर म्हणाला. “यंत्र बंद करू?”

“नको. त्याला अंड्यावर बसव. पोटाला थोडी ऊब येऊ दे.”

यंत्र बसलं. मादी निर्धास्त होऊन समुद्राकडे झेपावली. परतली ती मासा घेऊन. स्वतः चोचही न लावता तिनं तो आधी त्याच्यापुढे ठेवला.

हेमलताला पुढं बघवेना.